डावीकडचा ब्रेक

उजव्या पायातली चप्पल सापडेना. तिने चपलांचं कपाट उपसलं, सोफ्याखाली झाडूचा दांडा फिरवला, न्हाणीघराच्या दारामागे पाहिलं, आणि शेवटी एक पाय चपलेत, एक अनवाणी, अशी बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली. डावी जागेवर होती. उजवीच तेवढी अंतर्धान पावली होती. चोराने नेली म्हणावी तर कुठला चोर एकच चप्पल नेईल?

गॅलरीत मास्तर फोनवर बोलत होते. सकाळचे साडेनऊ, म्हणजे तिकडच्याची वेळ.

घरात पाच महिने दोनच माणसांचा घोष चालला होता, इकडची आणि तिकडचा. इकडची म्हणजे पुलापलीकडच्या शोरूमची मॅनेजर. तिकडचा म्हणजे सातशे किलोमीटरवर, शेजारच्या राज्यात बसलेला एक सेल्समन, ज्याचं तोंड नवराबायकोपैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. विजेवर चालणारी तीच गाडी, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग दोघांकडे होता. तरी आपलं घोडं कुठे अडलंय हे तिला अजून कळलं नव्हतं.

"अहो, माझी चप्पल पाहिलीत?"

मास्तरांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. हाच हात वर करून त्यांनी तीस वर्षं भर रस्त्यात ट्रक थांबवले होते, तेव्हा बायको थांबणार नाही असं वाटण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. तीस वर्षं त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. शाळा बंद करून, परवाना परत देऊन तीन वर्षं झाली, पण निम्मं गाव अजून त्यांना मास्तरच म्हणायचं. घरातही तेच रुळलं होतं. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर यायचं.

ती मागे वळली. शिवणाच्या मशीनवर टेप नव्हती. तिची कापडी टेप, जी गळ्यात नसली की मशीनच्या डावीकडच्या खिळ्याला असतेच असते. ती पडदे शिवायची आणि बसवूनही द्यायची. दुपारी नव्या इमारतीतल्या सोळा घरांच्या खिडक्या मोजायच्या होत्या. चप्पल नाही, टेप नाही, आणि नवरा परराज्यात गुंतलेला.

तिने खणातली पत्र्याची टेप घेतली आणि जाड तळाचे कॅनव्हासचे बूट पायात घातले. ते तिला गेल्या वर्षी मुलीने चालायला जा म्हणून दिले होते, आणि ते घालून ती अजून एकदाही चालली नव्हती.

"तो म्हणतोय ट्रकवर घालून घरपोच देईन," गॅलरीतून आत येत मास्तर म्हणाले.

"आणि बिघडली तर? ट्रकवर घालून परत न्यायची?"

"नवी गाडी बिघडते कशाला?"

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, पण पाच महिन्यांत ते सगळं बोलून झालं होतं. तिकडून घेतली तर आधी तात्पुरता नंबर, मग इथे आणून पुन्हा नोंदणी, इथला कर, शिवाय सर्व्हिसिंगच्या वेळी इकडचीचेच पाय धरायचे. हे सगळं तिने वहीच्या कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. मास्तरांनी त्याच कागदाच्या मागे प्लंबरचा नंबर लिहिला.

त्यांची कारणं मात्र दर पंधरवड्याला बदलत. आधी म्हणाले, इकडची तीन महिने थांबायला लावते. तिने मॅनेजरला गाठून पंधरा दिवसांत गाडी द्यायचं कबूल करून घेतलं. मग म्हणाले, इकडची विमा आणि सीट कव्हरं गळ्यात मारते. तिने तेही काढायला लावलं. मग किंमत. ती जवळपास सारखी झाली, तेव्हा मास्तरांना आठवलं की ही मॅनेजर त्यांची विद्यार्थिनी, आणि परीक्षेत तीनदा नापास झाली होती.

"जिला रिव्हर्स जमत नव्हता तिच्याकडून गाडी घ्यायची?"

"ती विकणार आहे, अहो. रिव्हर्स आपण घ्यायचाय."

महिनाअखेरीला जुन्या गाडीची नोंदणी संपत होती. तपासणीवाल्याने यंदा खालचा पत्रा बोटाने टोकरून दाखवला, बोट आत गेलं, आणि विषय संपला. तिच्याकडे सोळा घरांचं काम होतं, आठ-आठ फुटांचे पडद्यांचे दांडे होते आणि उरलेले अकरा दिवस. ते दांडे घेऊन बसमध्ये कोण चढू देणार होतं?

आज अकरा वाजता टेस्ट ड्राइव्ह ठरली होती. मास्तरांनी ती आधी दोनदा पुढे ढकलली होती, एकदा पोट बिघडलं म्हणून आणि एकदा नुसतीच.

गाडी काढताना त्यांनी नेहमीसारखी फडक्याने समोरची काच पुसली. मग पुन्हा पुसली. ती डावीकडे बसली आणि कापडाच्या नमुन्यांची पिशवी मांडीवर घेतली. मोठी, गुडघ्यांच्या खाली लोंबणारी पिशवी. मागची सीट रिकामी होती, पण पिशवी ती नेहमी मांडीवरच घ्यायची. कोणी कधी विचारलं नव्हतं, का म्हणून.

शाळेची गाडी असल्याने तिला ब्रेक दोन होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा गोंधळला की डावीकडच्याने दाबायचा. तिला गाडी शिकवली मास्तरांनीच, लायसन्स काढून पंचवीस वर्षं झाली, पण ती चालवायला बसली की डावीकडे मास्तर, आणि तिचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत त्यांचा पोचलेला. पंचवीस वर्षांत एकही ब्रेक आपण स्वतः लावला नाही, असं ती मैत्रिणींना सांगून हसवायची. पुढे पुढे तिने चालवणं सोडलंच. सतत परीक्षा देत कोण जाणार?

आणि मग मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीजवळचं ते वळण. बाबागाडी ढकलणारी एक बाई रस्त्यात उतरली होती, लाल स्वेटर घातलेली, चांगली ठळक. तिला ती दिसली. मास्तरांना दिसली नाही. ते सरळ पुढे बघत होते आणि गाडी चालली होती. काय होतंय ते कळायच्या आत तिचा पाय डावीकडच्या ब्रेकवर पडला होता. गाडी थांबली. बाई पुढे गेली, तिने वळूनही पाहिलं नाही.

मग मास्तर म्हणाले होते, "ब्रेक छान लागतो अजून."

"हो ना," ती म्हणाली होती.

तेव्हापासून पिशवी मांडीवर. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आताशा रोज. ती हलक्या पायाने दाबायची, त्यांच्या पायाला कळणार नाही इतकं. पातळ तळाच्या चपलेतून पॅडल कसं कुठे बसतं ते तिला पाठ झालं होतं. ज्या माणसाने निम्म्या गावाला गाडी शिकवली, जो दर रविवारी शाळेचा जुना बोर्ड गॅलरीत घेऊन ओल्या फडक्याने पुसतो, त्याला कोण सांगणार? डोळे तपासायला चला म्हटलं तर ते म्हणत, दिसतेस की तू. घरी येऊन ती पाठ टेकायची तेव्हा पिंडरीला गोळा आलेला असायचा. नवी गाडी आली की हे संपेल, एवढ्या एका आशेवर तिने पाच महिने काढले होते. नव्या गाडीत दुसरा ब्रेकच नसणार. मग सांगावंच लागेल, किंवा सांगावं लागणारच नाही. नवीन तंत्र आहे, मला हात बसवू द्या, असं म्हणून ती सरळ स्टिअरिंगपाशी बसणार होती. सगळं ठरलं होतं.

पुलाच्या तोंडाशी एक स्कूटरवाला डावीकडून आडवा आला. तिने दाबला. पण पायात आज कॅनव्हासचा जाड बूट होता, अंदाज चुकला, आणि गाडी अशी धाडकन थांबली की पिशवीतले निम्मे नमुने तिच्या पायाशी सांडले.

मागून दोघातिघांनी हॉर्न वाजवले. ती वाकून कापडं गोळा करू लागली, डोकं जितकं खाली घालता येईल तितकं खाली घालून.

"आज बूट घातलेस," मास्तर म्हणाले.

"चप्पल सापडत नाही म्हणून सकाळपासून घसा कोरडा केला, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?"

त्यांनी गिअर टाकला. गाडी पुन्हा चालू झाली.

शोरूमच्या दारात मॅनेजर स्वतः उभी होती. "या सर. या काकू." तिने खुर्च्या पुढे केल्या, पाणी आणवलं आणि आपण तीनदा नापास कसे झालो ती गोष्ट आपणच आपल्या माणसांना सांगितली. म्हणाली, चौथ्या वेळी सरांनी एकच वाक्य सांगितलं, घाई तुला आहे, गाडीला नाही. मास्तरांनी मान हलवली. खूश झालेले दिसले. तिला वाटलं, जमलं बहुतेक.

गाडी बाहेर उन्हात उभी होती, आवाज न करता.

"घ्या सर, चालवून बघा." मॅनेजरने चावी पुढे केली. "एवढंच लक्षात ठेवायचं, पाय उचलला की ही आपोआप हळू होते. ब्रेक फारसा लागतच नाही."

"मग शिकवणाऱ्याने काय करायचं?" मास्तर म्हणाले. सगळे हसले. चावी त्यांनी घेतली नाही. गाडीला वळसा घालून ते डावीकडे बसले आणि दोन्ही पायांनी खालचा गालिचा चाचपू लागले.

"इथे दुसरा ब्रेक बसवून द्याल?"

मॅनेजरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने नीट समजावून सांगितलं. घरच्या गाडीत असला बदल केला तर वॉरंटी जाते आणि नोंदणीलाही अडवतात. शाळेचा परवाना असता तर तिने आनंदाने बसवून दिला असता. "पण सर, आता तुम्हाला कशाला लागतोय?"

मास्तर उतरले. दार त्यांनी हळूच लावलं.

"तिकडचा बसवून देतोय," ते म्हणाले. "त्याच्या ओळखीचं गॅरेज आहे."

तर घोडं इथे अडलं होतं. पाच महिने विमा, सीट कव्हरं, किंमत, रिव्हर्स, आणि मुळात हे. कानशिलं गरम झालेली तिला स्वतःला कळली. मॅनेजरला ती पुन्हा येतो म्हणाली, पाण्याबद्दल आभार मानले, नीट हसलीसुद्धा. जुन्या गाडीत बसून काच वर केली आणि मग बोलली.

"माझ्यावर भरवसा नाही, एवढं सरळ सांगायचं होतं."

"तसं नाही गं."

"पंचवीस वर्षं झाली लायसन्सला. साठीला आले मी. अजून डावीकडे बसून माझा ब्रेक तुम्ही लावणार? आणि तेवढ्यासाठी सातशे किलोमीटरवरून गाडी आणायची?"

मास्तर चावी बोटात फिरवत राहिले. "सवय आहे," एवढंच म्हणाले.

सवय. वर्षभर कोणाचा पाय कुठे आहे ते ओठांवर आलं होतं. तिने ते पाण्याच्या घोटासारखं आत ढकललं, पिशवी मांडीवर घेतली, आणि घरी पोचेपर्यंत दोनदा हळूच ब्रेक दाबला.

सोळा घरांना तिने उद्या येते म्हणून कळवलं. जेवणानंतर ती मशीनवर बसली, कारण राग आला की तिची शिवण सरळ येत असे. विजेचं मशीन होतं. पायाखालचं पॅडल दाबलं की ते धावायचं. तिने ते असं दाबून धरलं की दोन पडद्यांच्या कडा एका दमात झाल्या. भिंतीपलीकडे गॅलरीत मास्तरांचा पुन्हा फोन लागला होता. कागद त्यांना आताशा दोन्ही हातांनी हातभर लांब धरावा लागे, म्हणून फोन ते मांडीवर ठेवून स्पीकर लावत, आणि मग अख्ख्या घराला तिकडचा ऐकावा लागे.

तिकडचा उत्साहात होता. गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय, सर, काही काळजी करू नका. फक्त पॅडल किती उंचीवर ठेवायचं आणि सीटपासून किती अंतरावर, ते माप हवंय. साधारण तुमची उंची किती?

"माझी नको," मास्तर म्हणाले. "लिहून घ्या. उंची पाच फूट एक इंच."

मशीन चालू होतं. ती पाच फूट एक इंच होती.

"पाय लहान आहे. चप्पल मोजलीय मी, साडेआठ इंच. तळ पातळ. पॅडल खाली ठेवायला सांगा, वर असलं की तिला पाय उचलून ठेवावा लागतो, मग रात्री पिंडरीत गोळे येतात. आणि हे महत्त्वाचं, ती उजव्या पायाने दाबते. म्हणजे जरा उजवीकडे घ्या."

तिकडचा लिहून घेत होता. लिहिता लिहिता हसून म्हणाला, म्हणजे सर, मॅडम गाडी शिकवतात वाटतं.

"नाही," मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या सांभाळतात."

तिचा पाय पॅडलवरून उचलला गेला होता. मशीन आपोआप हळू झालं आणि थांबलं. सुई कापडात तशीच होती.

ती उठली. गॅलरीत मास्तर खालीच बसले होते, भिंतीला पाठ लावून. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तिची उजवी चप्पल पालथी, चपलेभोवती पेन्सिलीने ओढलेली रेघ, आणि रेघेवरून तिची कापडी टेप. आकडे इतके मोठे काढलेले की दारातूनही वाचता आले असते. तिला पाहून त्यांनी फोन बंद केला, तिकडचा बोलता बोलता मध्येच तुटला.

"कधीपासून माहीत आहे?"

मास्तरांनी टेप गुंडाळायला घेतली. तिच्यासारखी त्यांना जमली नाही.

"टाकीपासून."

"आणि बोलला नाहीत."

"तू कुठे बोललीस?"

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सकाळपासूनचा राग तिने आत शोधून पाहिला. होता, पण आता तो कुठे ठेवायचा ते कळेना. वर्षभर पिशवी काय, हलका पाय काय, आणि हा माणूस तिच्या शेजारी बसून रोज ब्रेकची तारीफ करत होता. ब्रेक छान लागतो अजून. दर वेळी तेच वाक्य. आणि दर वेळी ती मनात म्हणायची, बरं झालं, कळलं नाही.

तिने वाकून चप्पल उचलली, झटकली आणि पायात घातली. मग दुसरी घालायला आत गेली. येताना खुंटीवरची चावी घेतली.

"तिकडच्याला कळवा, नको म्हणून."

"अगं, पण मग..." मास्तरांनी वर्तमानपत्रावरच्या त्या रेघेकडे पाहिलं. आत आता काही नव्हतं, नुसता पायाचा आकार.

"शोरूम सहापर्यंत उघडी असते," ती म्हणाली. "उठा."

फाटकाशी त्यांचा हात सवयीने चावीसाठी पुढे आला. तिने तो पाहिला. तो हात तसाच वर गेला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खाली आला. मग गाडीला वळसा घालून मास्तर डावीकडे बसले. सीटवर पिशवी होती. ती मागे टाकावी की काय करावं त्यांना सुचलं नसावं, त्यांनी ती मांडीवर घेतली.

तिने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला आणले. त्याला बराच वेळ लागला. आरसा एक पाव फिरव असं मास्तर म्हणतील म्हणून ती थांबली. ते म्हणाले नाहीत. पहिला गिअर दोनदा चुकला. तेव्हाही नाहीत. शेजारी एवढी शांतता तिने या गाडीत कधी ऐकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती तिला आवडत नव्हती.

पाण्याच्या टाकीचं वळण आलं. शाळा सुटली होती. पोरांची एक लांबलचक रांग रस्ता ओलांडत होती, पुढे एक बाई हात वर करून. तिला ती लांबूनच दिसली. पाय ब्रेककडे जाताना तिचं सगळं अंग त्या दुसऱ्या झटक्याची, पंचवीस वर्षांच्या त्या झटक्याची वाट बघत होतं.

तो आला नाही. तिने दाबला, आणि गाडी रांगेपासून चांगली दोन हात अलीकडे थांबली.

तिने डावीकडे नजर टाकली. पिशवीच्या खाली, ब्रेकचं पॅडल मोकळं सोडून, मास्तरांचे दोन्ही पाय सीटखाली मागे ओढून घेतलेले होते. घोट्याला घोटा लावून.

पोरं जात राहिली. शेवटचं रेंगाळत होतं, बुटाची नाडी सुटली होती त्याची.

"छान लागतो अजून," मास्तर समोर बघत म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली.